नाक्यावरचा मजूर आणि द्राक्षमळा

‘रविवारी चर्चमध्ये ऐकलेलं शुभवर्तमान सोमवारच्या लोकलमध्ये विसरतं’ असं म्हणतात, ते पटतं. त्यावर उपाय म्हणून प्रवचनाच्या नोंदी काढायला सांगतात, पण तेवढ्याने ते टिकेल, असं वाटत नाही. ‘या आठवड्यात प्रेमाने वागेन’ असला मोघम संकल्प मंगळवारपर्यंतही पुरत नाही. एक माणूस, एक काम आणि एक वार ठरवायला हवा.

बायबलमध्ये मत्तयाच्या शुभवर्तमानात (अध्याय 20) येशूने सांगितलेला द्राक्षमळ्याचा दाखला, म्हणजे बोधकथा, घ्या. संध्याकाळी पाच वाजताही काही जण बाजारात उभे असतात. का, तर ‘आम्हाला कोणी कामावर लावलं नाही.’ ठाण्यात, नवी मुंबईत सकाळी थापी-घमेलं घेऊन नाक्यावर उभे असतात ते हेच! घरी प्लास्टर किंवा रंगकाम काढलंत तर मजुरी आधी बोलून घ्या, सुटे पैसे काढून ठेवा आणि त्याच संध्याकाळी हातात द्या. ‘उद्या ये’ म्हटलं की तो पैशांसाठी तुमच्या दारात येतो, तेवढ्यात नाका रिकामा होतो आणि त्याचा दुसरा रोजही बुडतो. सूर्य मावळण्याआधी मजुरी द्या, असं बायबलच्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात (24:15) स्पष्टच लिहिलंय. पावसाने काम अर्ध्यावर थांबलं तर मात्र खरी कसोटी. दाखल्यातल्या मळ्याच्या धन्याने तासभर राबलेल्यालाही पूर्ण दिनार, म्हणजे अख्ख्या दिवसाची मजुरी, दिला होता.