नुसता अर्थ पाठ असून भागत नाही
इंग्रजी शब्दसंग्रह वाढवायला रोज २० शब्द अर्थासकट पाठ करा, असा सल्ला दिला जातो. वाचताना ओळखण्यापुरतं ठीक, पण लिहायला बसलं की घोळ होतो. 'एग्झॅसर्बेट' म्हणजे बिघडवणं, एवढंच वहीत असेल तर माणूस ते घड्याळालाही लावेल. हा शब्द आधीच वाईट असलेल्या गोष्टीला लागतो: दुखणं, तणाव, टंचाई. 'नटोरिअस'पुढे नुसतं 'प्रसिद्ध' लिहिलंत तर कौतुक करायला जाऊन बदनामी! त्यापेक्षा ५-६ शब्दच घ्या, पण डिक्शनरीतली उदाहरणं वाचून सोबतची नामं आणि प्रिपोझिशन टिपा. 'कंड्यूसिव्ह' (पोषक) पुढे 'टू', 'डिव्हॉइड' (विरहित) पुढे 'ऑफ'. उजळणीसाठी कार्डं करा, पण त्यावर सुटा शब्द नको, गाळलेल्या जागेचं वाक्य लिहा. दुसऱ्या, चौथ्या, दहाव्या दिवशी जागा भरून बघा. चुकलं की ते कार्ड पुन्हा पहिल्यापासून.