कॅनडातील कॉलेजचे प्रवेशपत्र आले आहे. घर तारण ठेवून कर्ज काढावे का?

प्रश्न : एक पालक, इचलकरंजी

नमस्कार. माझी मुलगी बी.कॉम. झाली असून दोन वर्षे एका सूतगिरणीच्या कार्यालयात हिशेबाचे काम करीत आहे. ऑन्टारिओतील एका सरकारी कॉलेजात बिझनेस मॅनेजमेंटच्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर सर्टिफिकेटसाठी तिला सप्टेंबरचा प्रवेश मिळाला आहे. त्यासाठी सुमारे तीस लाखांचे कर्ज लागेल आणि तारण म्हणून राहते घर द्यावे लागेल. शिक्षणानंतर तीन वर्षांचे वर्क परमिट आणि मग पीआर, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना, नक्की मिळते, असे एजंट सांगतात. स्टडी परमिटचा अर्जही तेच त्यांच्या ईमेलवरून भरणार आहेत. नियम बदलल्याचे ऐकतो, पण नेमके काय बदलले ते कोणी नीट सांगत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर : परवानाधारक इमिग्रेशन सल्लागार, मिसिसागा

आपण पूर्ण फी भरण्याआधी विचारले, हे फार बरे झाले. माझ्याकडे येणारे बहुतेक पालक फी भरून झाल्यावर येतात, आणि तेव्हा माझ्या हातात सांगण्यासारखे थोडेच उरलेले असते.

कॉलेजला आजच ईमेल करून अभ्यासक्रमाचा सीआयपी कोड, म्हणजे विषय ओळखण्याचा सहा अंकी क्रमांक, लेखी मागवा. प्रवेशपत्रावर तो बहुधा छापलेला नसतो, आणि सारे काही त्यावरच अवलंबून आहे. 1 नोव्हेंबर 2024 पासून स्टडी परमिटसाठी अर्ज करणाऱ्या ज्या विद्यार्थ्याचा अभ्यासक्रम पदवीचा नाही, त्याला शिक्षणानंतरचे वर्क परमिट, म्हणजे पीजीडब्ल्यूपी, तो विषय सरकारच्या यादीत असेल तरच मिळते. आरोग्य, शिक्षण, विज्ञान-तंत्रज्ञान, कुशल कारागिरी, शेती आणि वाहतूक अशा क्षेत्रांतील अभ्यासक्रम त्या यादीत आहेत. सर्वसाधारण बिझनेस मॅनेजमेंटचा कोड 52.0201 असा असतो आणि तो यादीत नाही. आपल्या मुलीचा कोड हाच निघाला, तर दोन वर्षे मन लावून शिकूनही, कॉलेज सरकारी असूनही, तिला हे परमिट मिळणार नाही. एजंट सांगतात ते तीन वर्षांचे परमिट जुन्या नियमांतले आहे.

यादीही स्थिर नाही. जून 2025 मध्ये तीत 119 अभ्यासक्रम आले, 178 वगळले गेले आणि पाठोपाठ वगळण्याची अंमलबजावणी पुढे ढकलली गेली. दिलासा एवढाच, की स्टडी परमिटचा अर्ज करताना विषय यादीत असेल, तर नंतर तो काढला तरी विद्यार्थ्याचे नुकसान होत नाही. म्हणून अर्जाच्या दिवशीच्या यादीची प्रत जपून ठेवावी, असे मी प्रत्येकाला सांगतो.

पदवी आणि पदव्युत्तर पदवीच्या विद्यापीठीय अभ्यासक्रमांना विषयाची ही अट नाही. सरकारी विद्यापीठातील मास्टर्सच्या विद्यार्थ्यांना 1 जानेवारी 2026 पासून स्टडी परमिटच्या अर्जाला जोडायचे प्रांत सरकारचे पत्रही लागत नाही. मात्र तीन वर्षांच्या बी.कॉम.वर अनेक विद्यापीठे मास्टर्सला थेट प्रवेश देत नाहीत, हेही आधीच पाहावे.

पीआर ‘नक्की’ मिळते असे सांगणाऱ्याला मी तेथेच थांबवीन. कॅनडाने 2025 साठी 5 लाख पीआर देण्याचे ठरवले होते. ऑक्टोबर 2024 मध्ये तो आकडा 3 लाख 95 हजारांवर आणला आणि 2026 साठी तो 3 लाख 80 हजार आहे. घरभाडे आणि दवाखान्यांवरचा ताण वाढल्यामुळे तात्पुरत्या रहिवाशांची संख्या लोकसंख्येच्या 5 टक्क्यांखाली आणायची, हे तेथील सरकारचे जाहीर धोरण आहे. जानेवारी 2024 मध्ये स्टडी परमिटवर आलेली मर्यादा त्याचाच भाग होता.

शेवटी, तिचा अर्ज एजंटच्या ईमेलवरून जाऊ देऊ नका. कॅनडाच्या कायद्यानुसार पैसे घेऊन इमिग्रेशनचा सल्ला देण्याचा अधिकार वकील आणि परवानाधारक सल्लागार अशा मोजक्या लोकांनाच आहे, आणि परवानाधारकांची नावे आमच्या नियामक संस्थेच्या सार्वजनिक नोंदवहीत कोणालाही पाहता येतात. अर्जात खोटे काही आढळले, तर पाच वर्षांची बंदी अर्जदारावर येते, मग ते कोणीही लिहिलेले असो. मागील वर्षी एका मुलीची फाइल माझ्याकडे आली. नोकरीचा एक महिना तिच्या नकळत वाढवून लिहिला होता. तिने फॉर्म पाहिलाच नव्हता, कारण पासवर्ड एजंटकडे होता.

उत्तर : विद्यार्थी, ब्रॅम्प्टन

काका, मी 2023 मध्ये अशाच कोर्सला आलो. माझा अर्ज आधीचा असल्याने विषयाची अट मला लागली नाही आणि पीजीडब्ल्यूपी मिळाले. तरीही पीआरचे सांगतो. पीआरसाठी गुणांवर निवड करणाऱ्या एक्स्प्रेस एंट्री योजनेत माझे गुण 478 आहेत. 2025 मध्ये कॅनडातील कामाच्या अनुभवावर जे ड्रॉ, म्हणजे निवडीच्या फेऱ्या, झाले, त्यांतला एकही 500 च्या खाली आला नाही. नोकरीच्या ऑफरचे 50 गुण मिळतील या भरवशावर मी एक संधी सोडली होती. ते गुण 25 मार्च 2025 पासून बंद झाले. फ्रेंच येणाऱ्यांचा ड्रॉ त्याच महिन्यात 379 वर आला होता, म्हणून मी आता रात्रपाळी संपवून तळघरातल्या खोलीत फ्रेंचचे धडे गिरवतो. ताईला यायचेच असेल, तर फ्रेंच तिथूनच सुरू करून येऊ द्या. शिकत असताना कॉलेजबाहेर आठवड्याला 24 तासच काम करता येते, त्यामुळे फीचा हप्ता त्या पगारातून निघेल असे मुळीच धरू नका.

उत्तर : निवृत्त बँक अधिकारी, सांगली

कर्जाबाबत एवढेच सांगतो. कर्ज मंजूर होणे वेगळे आणि रक्कम वितरित होणे वेगळे. स्टडी परमिटच्या जलद प्रक्रियेची एसडीएस योजना 8 नोव्हेंबर 2024 रोजी बंद झाल्यापासून पहिल्या वर्षाची सगळी फी आधीच भरली पाहिजे, अशी सक्ती उरलेली नाही. निर्वाहासाठी एका विद्यार्थ्यामागे 22,895 कॅनडियन डॉलर दाखवावे लागतात, फी आणि प्रवासखर्च वेगळा. बँकेचे मंजुरीपत्र त्याचा पुरावा म्हणून चालते. तेव्हा परमिट हाती येईपर्यंत मोठी रक्कम उचलू नका, आणि परमिट नाकारले गेल्यास कॉलेज किती परत देते तो नियम लेखी घ्या.

प्रश्नकर्ते पालक, इचलकरंजी

आपणा तिघांचेही मनापासून आभार. कॉलेजचे उत्तर काल रात्री आले. कोड 52.0201 हाच आहे. मुलीने ते स्वतः वाचले, बराच वेळ काही बोलली नाही, आणि मग म्हणाली, ‘बाबा, घर नको.’ अनामत रकमेपैकी काही भाग परत मिळेल असे कॉलेजने कळवले आहे, त्यासाठीचा अर्ज आज सकाळी पाठवला. एजंटकडे तिची मूळ कागदपत्रे आहेत, ती परत मागितली आहेत. लेखाशास्त्रातील मास्टर्ससाठी तिच्या बी.कॉम.वर कोणते विद्यापीठ प्रवेश देईल, याची चौकशी ती आता स्वतःच्या ईमेलवरून करीत आहे. मिसिसागाच्या सरांना विनंती, की तिने विद्यापीठे निवडल्यावर त्यांच्या यादीवर एकदा नजर टाकावी. आपली रीतसर फी मी देईन.