संयुग्मित पॉलिमरला हेक्झिलच्या शेपट्या कशासाठी?

चंचुपात्र:
नमस्कार. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी पॉली-३-हेक्झिलथायोफीन तयार करीत आहे. वीज वाहते ती थायोफीनच्या गंधकयुक्त कड्यांमधील एकाआड एक द्विबंधांतून (हेच संयुग्मन); हेक्झिलची सहा कार्बनांची साखळी मात्र पूर्णपणे संपृक्त, म्हणजे द्विबंध नसलेली असते. साखळीतील प्रत्येक घटकाच्या १६६ रेणुभारापैकी ८५ हा एकट्या हेक्झिलचाच आहे. निम्मे वजन वीजवहनात भागच घेणार नसेल, तर ते पॉलिमरवर लादायचे कशाला?

सॉक्सलेट:
याचे उत्तर पॉलिअ‍ॅसिटिलीन या साध्या संयुग्मित पॉलिमरच्या इतिहासात आहे. १९६७ साली टोकियोत शिराकावा यांच्या प्रयोगशाळेत उत्प्रेरक चुकून सुमारे हजारपट पडला आणि काळ्या भुकटीऐवजी चकचकीत पापुद्रा हाती आला. १९७७ मध्ये हीगर आणि मॅकडायर्मिड यांच्यासह त्यांनी दाखवून दिले की, अशा पापुद्र्यावर आयोडीनची वाफ सोडली असता त्याची वाहकता लक्षावधी पटींनी वाढते. त्यासाठी २००० सालचे नोबेल मिळाले. पण तो पापुद्रा ना कोणत्या द्रावकात विरघळे, ना हवेत टिके. थायोफीनचेही शेपटीवाचून तेच होते. सपाट, ताठ साखळ्या एकमेकींवर अशा घट्ट बसतात की द्रावकाला आत शिरायला जागाच उरत नाही, आणि जे विरघळत नाही ते शुद्ध कसे करणार, त्याचा पातळ थर काचेवर कसा देणार? तेव्हा तुमचे ते निम्मे वजन वाया गेलेले नाही.

थायोफीनप्रेमी:
वरील उत्तराशी मी सहमत आहे. तथापि शेपटी असणे पुरेसे नाही, ती कोणत्या बाजूला येते हेही तितकेच महत्त्वाचे असते. शेजारच्या दोन कड्यांवरील हेक्झिल समोरासमोर आले की गर्दी होऊन कडी एकमेकांच्या प्रतलातून बाहेर वळतात आणि संयुग्मन तिथेच तुटते. १९९२ मध्ये मॅक्कलो यांच्या गटाने निकेल उत्प्रेरक वापरून जवळजवळ प्रत्येक जोडणी डोके-शेपूट अशी (कड्याचे हेक्झिलजवळचे टोक म्हणजे डोके, हेक्झिलपासून दूरचे टोक म्हणजे शेपूट) घडवून आणली, हे माझ्या मते या पॉलिमरच्या संश्लेषणातील खरे कौशल्य. अशा नमुन्याचे क्लोरोफॉर्ममधील द्रावण नारिंगी असते. त्यात थेंबाथेंबाने मिथेनॉल सोडले, की साखळ्या सपाट होऊन एकीवर एक रचल्या जातात आणि द्रावण डोळ्यांदेखत जांभळे होते.

चंचुपात्र:
माझ्या द्रावणात मिथेनॉल घातल्यावर नारिंगी गाळ बसला, जांभळा रंग आलाच नाही. खर्च परवडावा म्हणून मी फेरिक क्लोराइडने ऑक्सिडीकरण केले होते.

थायोफीनप्रेमी:
मग कारण उघड आहे. त्या पद्धतीत जोडणीची दिशा पूर्णपणे ताब्यात राहत नाही, शिवाय लोहाचे क्षार मागे उरतात. सॉक्सलेटमध्ये (द्रावक पुन्हा पुन्हा फिरवून धुण्याच्या उपकरणात) आधी मिथेनॉलने, मग हेक्झेनने धुऊन शेवटी क्लोरोफॉर्मने पॉलिमर काढून घ्या, आणि त्यानंतरच प्रोटॉन एनएमआर (हायड्रोजनचे अणू रेणूत कुठे आहेत हे सांगणारा वर्णपट) घ्या, कारण लोह राहिले तर शिखरे पसरट येतात. कड्याला लागून असलेल्या सीएच-टू गटाचे २.८ पीपीएमजवळील शिखर डोके-शेपूट जोडणीचे आणि २.६ जवळचे डोके-डोके जोडणीचे. दोहोंच्या क्षेत्रफळांचे गुणोत्तर काढून येथे कळवा.