डीएनए ओरिगामी ठरलेल्या ठिपक्यांवर बसतच नाहीये, सगळीकडे चिकटतंय

नॅनोवेडी: मी डीएनए ओरिगामीचे, म्हणजे डीएनएच्या धाग्याला घड्या घालून केलेले, त्रिकोण करतेय, एम१३ व्हायरसचा सात हजारांवर बेसचा लांब धागा आणि त्याला घड्या घालायला दोनशेच्या वर छोटे स्टेपल, म्हणजे डीएनएचेच आखूड तुकडे. अभ्रकावर टाकले की एएफएमखाली (बारीक सुईने पृष्ठभाग चाचपणारा सूक्ष्मदर्शक) फार सुंदर दिसतात, एकेक बाजू साधारण १२० नॅनोमीटर. आता हेच सिलिकॉन चिपवर ई-बीमने (इलेक्ट्रॉनच्या झोताने) काढलेल्या ठिपक्यांवर बसवायचेत, एका ठिपक्यावर एकच. पण दोन महिने झाले, एकतर सगळीकडे पसरतात नाहीतर एकाच ठिपक्यावर तीन-तीन चढतात. घट्ट बसतील म्हणून द्रावणातलं मॅग्नेशियम वाढवत १०० मिलिमोलरपर्यंत नेलं तर आणखीच बिघडलं. ओरिगामी २ नॅनोमोलर, ठिपके गोल, २०० नॅनोमीटरचे. चुकतंय कुठे?

पृष्ठभाग: मॅग्नेशियम वाढवलंस तिथेच घोळ झाला बघ. डीएनए निगेटिव्ह, पीएच ८ च्या वर चिपच्या ऑक्साइडवरचे सिलॅनॉल (सिलिकॉनला जोडलेले ओएच गट) पण निगेटिव्ह, दोघांना धरून ठेवणारा मधला पूल म्हणजे मॅग्नेशियम. हा पूल फार पक्का झाला की त्रिकोण जिथे पडला तिथेच वाकडातिकडा अडकतो, सरकून नीट बसायला त्याला वावच उरत नाही. पकड थोडी कच्चीच हवी, सुटेल, परत लागेल, अशी करत करत तो जागा शोधतो. अभ्रकाचा अनुभव इथे कामाचा नाही, तिथे कुठेही चिकटलं तरी चालतं ना! गोपीनाथ आणि रोथेमंड या संशोधकांनी २०१४ मध्ये ९० टक्क्यांहून जास्त ठिपक्यांवर एकेकच ओरिगामी बसवून दाखवलं, तेही मॅग्नेशियम ३५ मिलिमोलर, पीएच ८.३ च्या आसपास आणि ओरिगामी फक्त १०० पिकोमोलर ठेवून. तुझं त्याच्या वीसपट आहे. आणि २०० च्या ठिपक्यात दुसरा शिरणारच, ठिपका त्रिकोणाच्या मापाचा कर, जमलं तर त्रिकोणीच.

थेंबथेंब: वरच्याशी सहमत, पण 'सगळीकडे पसरतात' हा वेगळा आजार वाटतोय मला. ठिपके सोडून बाकीच्या भागावर एचएमडीएस या रसायनाचा थर दिलायस ना? तो पाण्याला दूर ठेवणारा, डीएनए तिथे धरायलाच नको. चिपच्या कोऱ्या कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाकून बघ, गोल उभा राहिला तर थर आहे, पसरला तर गेला. आणि उरलेले स्टेपल फिल्टरने काढ, तेच आधी ठिपके अडवून बसतात.

नॅनोवेडी: थेंब टाकला, सपाट पसरला! थर दिला होता, मग रेझिस्ट (ई-बीमने नक्षी उमटवायचा तात्पुरता लेप), ई-बीम, उघड्या ठिपक्यांवरचा थर जाळायला ऑक्सिजन प्लाझ्मा (विद्युतभारित वायू), रेझिस्ट काढला, आणि शेवटी चिप स्वच्छ व्हावी म्हणून परत थोडा प्लाझ्मा.

थेंबथेंब: सापडलं. तो शेवटचा प्लाझ्मा अख्ख्या चिपवरचा थर जाळतोय, म्हणजे तुझ्यासाठी पूर्ण चिपच ठिपका झाली. तो सोड, रेझिस्ट सॉल्व्हंटनेच काढ.

पृष्ठभाग: आणि वाळवताना साध्या पाण्याने धुऊ नकोस, मॅग्नेशियम निघून जातं आणि बसलेले त्रिकोणही उठतात. इथेनॉलचं प्रमाण ५० टक्क्यांपासून पायरीपायरीने वाढवत ने.

नॅनोवेडी: नवीन चिप आजच लावते, आधी थेंब, मगच ओरिगामी. एएफएम झालं की इथेच फोटो टाकते.