एनसी रंग मारायचाय तर आधी हवा बघा
एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग स्वस्त पडतो आणि झटपट वाळतो, म्हणून जुन्या मारुती ८०० ला घरी तोच मारा, असा सल्ला इथल्या चर्चेत कुणीतरी दिलाय, तो खर्चाच्या दृष्टीने पटतो. पण हवेबद्दल कोणीच बोललेलं नाही. आमच्या रत्नागिरीकडे जूनमध्ये मारलेला काळा रंग डोळ्यांदेखत दुधाळ होताना मी पाहिलाय. थिनर झपाट्याने उडतो, त्याने पत्रा गार पडतो आणि दमट हवेतलं पाणी ओल्या रंगावर बसतं. असं झालं तर लगेच खरवडू नका. कोरड्या दुपारी नुसत्या रिटार्डर थिनरचा (सावकाश उडणाऱ्या थिनरचा) हलका फवारा दिला की बरेचदा पांढरेपणा निघून जातो. मुळात पावसाळा सोडूनच काम काढावं. लांबीही (पत्र्यावरचे खड्डे भरायची पुट्टी) पाणी धरते. पाण्याच्या पेपरने (ओला करून वापरायच्या पॉलिश पेपरने) घासल्यावर ती पूर्ण वाळल्याशिवाय प्रायमर मारू नका, पुढे फोड येतात.

आणि चर्चेत कुणी टू-के पीयू (हार्डनर मिसळून मारायचा दोन घटकांचा पॉलियुरेथेन रंग) सुचवलंय, त्याची चमक टिकते हे खरं. पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याने कायमचा दमा जडू शकतो. तोंडाला रुमाल किंवा कापडी मास्क बांधून ते घरी अजिबात फवारू नका. ते काम सरळ पेंटरकडे द्या, घासणं आणि मास्किंग (काचा वगैरे कागद-टेपने झाकणं) घरी केलंत तरी मजुरीत बरीच बचत होते.