‘गु॥’ म्हणजे काय? घरच्या जुन्या कागदांतले शब्द

वाड्यातली:
आमचा कसब्यातला वाडा बिल्डरकडे जायच्या आधी माळा उपसला, तेव्हा पत्र्याच्या ट्रंकेतून लाल खारव्यात बांधलेलं एक गाठोडं निघालं. आत सुटी पत्रं आणि लांबट वह्या, सगळं मोडी लिपीत. पत्रं पेशवाईतली. वह्या बऱ्याच अलीकडच्या, पणजोबांच्या भुसारी दुकानाच्या. गेल्या वर्षी मी मोडीचा वर्ग केला. त्यामुळे अक्षरं लागतात, अर्थ लागत नाही.

आणि गंमत अशी की अनोळखी शब्दाशी मी अडत नाही. तो आला की मोल्सवर्थचा मराठी कोश उघडते, काहीतरी सापडतं. फसते ती ओळखीच्या शब्दाशी, कारण तिथे कोश उघडावासाच वाटत नाही.

ही वहीतली एक ओळ बघा: रु ७॥ गु॥ बाळा तुपाबद्दल सालमजकूर

मी वाचलं ते असं: रुपये ७११, गुमास्ता बाळा, तुपाविषयी, आणि पुढे कसलासा ‘मजकूर’. ७११ रुपयांचं तूप! आईला म्हटलं, आपण फार श्रीमंत होतो. आई म्हणाली, तुपापुरते असू.

‘गु॥’ म्हणजे गुमास्ताच ना?

जुनी खोड:
ताई, आधी ते ७११ खोडा. सातानंतरच्या दोन उभ्या रेघा म्हणजे अकरा नव्हेत, अर्धा. एक रेघ पाव, दोन अर्धा, तीन पाऊण. तुमचं तूप साडेसात रुपयांचं. त्यांच्यापुढे बारीक आडव्या रेघा दिसल्या तर त्या आण्यांच्या. रुपयाचे आणे सोळा, म्हणजे पाव रुपयाचे चार. म्हणून आडव्या रेघा तीनपर्यंतच जातात, चौथा आणा झाला की एक उभी रेघ होते. हे एकदा बोटांवर बसलं की जुनी वही वाचायला मजा येते.

आता तेच दोन दंड ‘गु’नंतर आले की त्यांचं काम वेगळं. तिथे ते सांगतात, शब्द इथे तोडलाय, पुढचा तुम्ही समजून घ्या. तुमच्या एकाच ओळीत ॥ दोनदा आलंय आणि दोन्ही ठिकाणी निरनिराळ्या अर्थानं. आकड्यामागे अर्धा, अक्षरामागे अर्धवट.

‘गु॥’ म्हणजे गुजारत. अमक्याच्या हातून, अमक्यामार्फत. बाळा गुमास्ता असेल, हरकाम्या असेल, शेजारचा पोरगाही असेल. त्याचा हुद्दा इथे लिहिलेलाच नाही. पैसे त्याच्या हातून गेले, एवढंच ही नोंद सांगते.

मोडीचा विद्यार्थी:
‘गुजारत’वरून आमच्या वर्गातली एक फजिती. एकानं घरच्या वहीचं लिप्यंतर करून आणलं आणि वर दोन पानी टिपण जोडलं, की आमच्या घराण्याचा गुजरातशी मोठा व्यापार होता. पानोपानी ‘गुजरात हणमंता’, ‘गुजरात सखाराम’. सरांनी शांतपणे एक काना वाढवला आणि तो सगळा व्यापार बुडाला.

शब्द फारसीतून आलेला, मूळ अर्थ ‘पार होणे, जवळून जाणे’. ‘प्रसंग गुजरला’ मधलं गुजरणं आणि ‘कशीबशी गुजराण चाललीय’ मधली गुजराण ही याचीच भावंडं. ती घरात राहिली. ‘गुजारत’ मात्र वहीबरोबर माळ्यावर गेली.

जुनी खोड:
राहिलेले दोन शब्द. ‘मजकूर’ म्हणजे इथे ‘लेखातला मजकूर’ नव्हे. मूळ अरबी, अर्थ ‘उल्लेखिलेला, सांगितलेला’. हिंदीतला ‘जिक्र’ त्याच धातूचा. ‘मौजे मजकूर’ म्हणजे वर सांगितलेलं गाव, ‘सालमजकूर’ म्हणजे हेच चालू साल. मागचं साल असतं तर ‘गुदस्त’ लिहिलं असतं. सांगितलेलं ते मजकूर, मग जे काही सांगायचंय ते सगळंच मजकूर, असा तो विशेषणाचा नाम झाला.

आणि ‘तुपाबद्दल’ म्हणजे तुपाविषयी नव्हे, तुपाच्या बदल्यात. बदल, बदली, बदला, सगळा एकच गोतावळा. हिशेबात बद्दल म्हणजे एक वस्तू गेली, तिच्या जागी दुसरी आली. आपण आज ‘तिच्याबद्दल बोलत होतो’ म्हणतो तेव्हा देवाणघेवाण काही नसते, नुसतं बोलणं असतं.

वाड्यातली:
बापरे. म्हणजे सहा शब्दांत चार चुका. आता पत्राकडे वळते, तिथे तरी अब्रू राहील. नाशिकहून आमच्याकडे आलेलं पत्र, मायना झाल्यावर लगेच: विनंती ता॥ छ ११ जिल्हेज मु॥ नासिक सुखरूप असो. खाली साल सीत सबैन मया व अलफ. आणि पत्राच्या डोक्यावर वेगळ्या अक्षरात पै॥ छ १७ जिल्हेज.

‘ता॥’ म्हणजे तारीख हे तर नक्की. पै॥ म्हणजे टपालाचा पैसा?

सदाशिव पेठेतून:
अब्रू गेली. (माझीही याच शब्दावर गेली होती, म्हणून हसण्याचा हक्क आहे.)

‘ता॥’ तारीख नाही, तागाईत. ‘पर्यंत’. आजही आपण ‘आजतागायत’ म्हणतो ना, तेच. छ हे चंद्राचं चिन्ह, म्हणजे मुसलमानी महिन्याचा दिवस. मु॥ म्हणजे मुक्काम. तेव्हा ही ओळ ‘अमुक तारखेला लिहिलं’ असं म्हणतच नाही. ती म्हणते, जिल्हेजच्या ११ पर्यंत आम्ही नाशकात सुखरूप आहोत. पुढचं कोणी सांगावं! पत्र पोचेपर्यंत मधल्या दिवसांत काहीही होऊ शकतं, हे धरूनच लिहिलेलं आहे. मला हा शब्द फार आवडतो. आपल्या तारखेत हा सावधपणा नाही.

साल उलटं वाचायचं, एककापासून. सीत ६, सबैन ७०, मया १००, अलफ १०००. शुहूर सन ११७६, म्हणजे जुन्या मराठी कागदांतली कालगणना. हे साल मृगाला बदलतं, म्हणून त्याला मृगसालही म्हणतात. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतची तारीख असेल तर ५९९ मिळवा, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतची असेल तर ६००. महिना जिल्हेज, तो त्या वर्षी जानेवारीच्या शेवटी लागला. म्हणजे तुमचं पत्र १७७६ च्या फेब्रुवारीच्या सुरुवातीचं. पेशव्यांचा इंग्रजांशी झालेला पुरंदरचा तह १ मार्च १७७६ चा. तहाची बोलणी चालली होती ते दिवस! पत्रात काय आहे?

वाड्यातली:
घोड्याचा पाय दुखावलाय, आणि पाठवलेलं पागोटं आखूड पडलं. तहाचं अवाक्षर नाही.

सदाशिव पेठेतून:
उत्तम. असंच असतं.

पै॥ राहिलं. पैशाशी संबंध नाही, पैवस्ती. पत्र हाती पडल्याचा दिवस, म्हणून वेगळ्या अक्षरात: नाशकात लिहिणाऱ्यानं ता॥ लिहिलं, पुण्यात घेणाऱ्यानं पै॥ लिहिलं. अकरा आणि सतरा. पत्राला नाशिक ते पुणे सहा दिवस लागले. ता॥ आणि पै॥ या दोन नोंदी लिप्यंतर करताना ‘किरकोळ’ म्हणून कोणी गाळली की माझं डोकं फिरतं. मजकूर एकवेळ दुसऱ्या पत्रावरून कळेल, पण हे सहा दिवस दुसरीकडे कुठे मिळणार?

कॉमर्सवाला:
मी पत्रांतला माणूस नाही, पण वह्यांवर बोलतो. वहीच्या शेवटी ‘तेरीज’ आहे का बघा. बेरीज नव्हे, तेरीज. बेरीज म्हणजे आकड्यांची. तेरीज म्हणजे सगळ्या खात्यांचा गोषवारा, बाबवार काढलेला. कीर्दीत रोजचं रोज मांडायचं, खतावणीत माणसावार नेऊन टाकायचं, आणि शेवटी तेरीज.

मला विशेष वाटतं ते हे, की ‘गुजारत’ मेली पण हे शब्द सरकारमान्य पाठ्यपुस्तकात जिवंत आहेत. अकरावीच्या पुस्तपालन आणि लेखाकर्माच्या पोरांना रोजकीर्द, खतावणी, तेरीज पत्रक, ताळेबंद हे शब्द परीक्षेत लिहावे लागतात. मी शिकवणी घ्यायचो तेव्हा पोरं विचारायची, सर, तेरीज म्हणजे काय? मी सांगायचो, ट्रायल बॅलन्स. पोरं म्हणायची, मग तसं सरळ मराठीत लिहा की.

बारनिशीवाला:
आमच्या कचेरीत अजून ‘बारनिशी’ आहे हो. आवक-जावक टपालाची नोंद करणारी शाखा. नव्या मुलाची तिथे नेमणूक झाली की त्याला वाटतं बाराजण बसतात म्हणून बारनिशी. शेवटची ‘निशी’ ती नवीस, लिहिणारा. फडणीस, चिटणीस, पारसनीस, पोतनीस, सगळे लिहिणारेच. पुण्याची टेलिफोन डिरेक्टरी म्हणजे निम्मा पेशव्यांचा दप्तरखाना होता.

मोडीचा विद्यार्थी:
कोणीतरी अजून पानिपतच्या पराभवाची ती सांकेतिक बातमी, ‘दोन मोत्यें गळाली’, कशी काढली नाही?

जुनी खोड:
काढली तुम्ही. बरं, काढलीच आहे तर: मोती, मोहरा आणि खुर्दा ही सावकाराच्या वहीचीच भाषा आहे. माणसं मोजायला त्याच्याकडे तेच शब्द होते. पुढे चला.

वाड्यातली:
एक वेगळा प्रश्न. या सगळ्याला मिळून काय म्हणायचं? मी ‘दस्तावेज’ लिहिलं तर एका मैत्रिणीनं दुरुस्त केलं, ‘दस्तऐवज’. दुसरी म्हणाली मूळ शब्द दस्तावेजच, मराठीनं बिघडवलाय.

जुनी खोड:
दोघी बरोबर आहेत, पण दुसरीनं ‘बिघडवलाय’ म्हणू नये. फारसी शब्द दस्त-आवेज. दस्त म्हणजे हात, आवेजमध्ये लटकण्या-धरण्याचा भाव. ज्याला हात घालून धरता येतं, ज्याचा आधार घेता येतो ते. वादात ज्याला धरून उभं राहायचं तो कागद. मराठीच्या कानाला ‘आवेज’ अनोळखी होता, पण ‘ऐवज’ चांगला परिचयाचा होता. ऐवज म्हणजे मोबदला, किंमत, मग किमती वस्तू. चोरीच्या बातमीत ‘लाखाचा ऐवज लंपास’ असतो तोच. तेव्हा मराठी माणसानं आवेजच्या जागी ऐवज बसवला आणि शब्दाला नवा अर्थ फुटला: हाताशी असलेला मौल्यवान ऐवज. व्युत्पत्ती चुकीची, पण समजूत किती बरोबर! जमिनीचा दावा लढलेल्या कुणालाही विचारा.

मराठीत लिहिताना दस्तऐवजच लिहा. दस्तावेज हल्ली हिंदी बातम्यांतून येतोय.

सदाशिव पेठेतून:
मला दस्तऐवज पत्रांना जड वाटतो. खरेदीखत, गहाणखत, इनामपत्र हे दस्तऐवज. घोड्याच्या पायाचं पत्र हा कसला दस्तऐवज? त्याला जुना शब्द साधा आहे, कागद. माझी आजी ‘पोचलास की कागद टाक’ म्हणायची, तिला पत्र अपेक्षित असायचं, कोरा कागद नव्हे. आणि सगळं मिळून दप्तर. शाळेचं नव्हे. घराण्याचं दप्तर, देवस्थानाचं दप्तर. ग्रीकमध्ये कातड्याला जो शब्द होता तो फारसी-अरबीतून फिरत आपल्याकडे आला, म्हणजे कातडी दप्तर घेऊन शाळेत जाणारी पिढीच मुळाला जवळ होती म्हणायची.

वाड्यातली:
दप्तरावरून माझी एक. घरचे कागद कुठे द्यावेत याची चौकशी करायला एका संग्रहात गेले होते. आधी नमुना म्हणून तिथलेच कागद बघायचे ठरले. तिथले काका म्हणाले, ‘तुमचा रुमाल काढून टेबलावर ठेवलाय.’ मी पर्स तपासली, माझा होता जागेवर. म्हटलं माझा नाही हो. ते म्हणाले, ‘तुमच्याच नावानं काढलाय.’ दोन मिनिटं असंच चाललं. मग त्यांनी चौकोनी कापडात बांधलेलं ते गाठोडं पुढ्यात ठेवलं.

सदाशिव पेठेतून:
हा हा. रुमाल हे तिथलं मापच आहे. पुण्याच्या पेशवे दप्तरात, म्हणजे पेशवाईच्या सरकारी कागदांच्या संग्रहात, सुमारे ३९ हजार रुमाल आहेत असं सांगतात, ते हेच. गो. स. सरदेसायांनी १९३० ते ३४ मध्ये त्यातून निवडून ४५ खंड छापले, आणि तरी तो केवळ वेचाच. त्या दप्तराच्या इमारतीला जुनी माणसं एलिनेशन ऑफिस म्हणत, एलिनेशन म्हणजे जमीन इनामात जाणं. इनामात दिलेल्या, म्हणजे सरकारी सारा ज्यांच्यावरून सुटलेला आहे अशा जमिनींचे दावे इंग्रजांना तपासायचे होते, त्यासाठी कागद हवे होते. अशा गावाला मराठीत दुमाला म्हणतात. कागद जपले गेले ते इतिहासाच्या प्रेमापोटी नाही, सारा कुणाकडून घ्यायचा आणि कुणाकडून नाही यासाठी. उलट घराघरांतून फिरून कागद जमवणारी परंपरा म्हणजे भारत इतिहास संशोधक मंडळ, इतिहासकार वि. का. राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी ७ जुलै १९१० ला सुरू केलेलं. खासगी कागदांना तिथे पहिल्यापासून मान.

पण ताई, द्याल तिथे द्या, खारव्याची गाठ मात्र होती तशी ठेवून द्या. कुठला कागद कुठल्या वहीत सापडला हे लिहून ठेवा. पत्रं एकीकडे, वह्या एकीकडे अशी ‘आवराआवर’ करू नका.

वाड्यातली:
आवराआवर अर्धी झाली होती, थांबवली. आता पेन्सिलीनं आकडे घालतेय, पाठीमागे, बारीक.

काल रात्री तुम्हा सगळ्यांचं वाचून ती वही परत पहिल्या पानापासून काढली. आता भराभर लागतं. तूप, गूळ, पागोटं, गाडीभाडं, आणि जवळजवळ प्रत्येक ओळीला ‘गु॥ बाळा’. शके १८१८ ची वही आहे. पौषापर्यंत गु॥ बाळा. माघ वद्यात एका पानावर साडेचार रुपये, ‘बाळाचे घरी’, कशाबद्दल ते लिहिलेलं नाही. त्यानंतर सगळीकडे ‘गु॥ खुद्द’.

आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, शके १८१८ म्हणजे इंग्रजी किती? मी मिळवून सांगितलं. माघ म्हणजे १८९७ चा फेब्रुवारी. पुण्यात प्लेग होता.

जुनी खोड:
‘खुद्द’ म्हणजे मालक स्वतः.

वाड्यातली:
हो, तो शब्द लागला.