मदत हवी आहे: अमेरिकेत प्री-मेडसाठी (मेडिकलआधीची पदवी) कॉलेज कुठलं? १ मेच्या आत ठरवायचंय

राजापूरकर
नमस्कार मंडळी. लेकीला डॉक्टर व्हायचंय. रटगर्स (सरकारी) आणि जॉन्स हॉपकिन्स (खासगी), दोन्हीकडे प्रवेश मिळालाय. हॉपकिन्सचा खर्च वर्षाला नव्वद हजार डॉलरच्या घरात, रटगर्सचा निम्म्याहून कमी. बायको म्हणते हॉपकिन्स, मी म्हणतो एवढे पैसे कशाला. पुढे मेडिकलला जायला कुठलं बरं? लवकर सांगा. "मुलीलाच विचारा" असं कृपया सांगू नका, तिला विचारून झालंय.

टवाळ
मग काय म्हणाली ती?

राजापूरकर
मैत्रीण जाते तिथे.

जुनाजाणता
हॉपकिन्स. डोळे मिटून. तिथल्यासारखं संशोधन आणि हॉस्पिटल दाराशी दुसरीकडे कुठे मिळणार? पैसे काय, पुन्हा कमावता येतात.

स्वानंदी
डोळे उघडे ठेवा हो. माझा मुलगा अशाच एका नावाजलेल्या ठिकाणी गेला (नाव नाही सांगत). शाळेत कायम पहिला. जनरल केमिस्ट्रीच्या पहिल्याच मिडटर्मला ४७, आणि वर्गाची सरासरी ५१. सगळेच पहिले आलेले, त्यांच्यात कर्व्ह लावणार, म्हणजे ग्रेड एकमेकांशी तुलना करून! मेडिकलवाले आधी जीपीए (कॉलेजचे सरासरी गुण, ४ पैकी) आणि एमकॅट (प्रवेश परीक्षा) बघतात. प्रवेश मिळालेल्यांची सरासरी ३.८ आणि ५२८ पैकी ५११-५१२ च्या आसपास असते. कॉलेजचं नाव त्यानंतर.
आणखी एक. "आमची ९० टक्के मुलं मेडिकलला लागतात" असं कुठलं कॉलेज म्हणालं तर विचारा, किती जणांना कमिटी लेटर (कॉलेजचं शिफारसपत्र) नाकारलं? कच्च्या मुलांना अर्जच करू द्यायचा नाही, मग टक्केवारी चांगली दिसणारच.

जुनाजाणता
एका मुलावरून नियम काढू नका. माझा पुतण्या हॉपकिन्सचाच, आज कार्डिऑलॉजिस्ट आहे.

स्वानंदी
एका पुतण्यावरून काढलेला चालतो वाटतं?

पेठेतली_काकू
मी म्हणते, एवढी आठ वर्षं घालवायचीच कशाला? इकडे बारावीनंतर थेट एमबीबीएस. 'नीट' परीक्षा द्यायला सांगा, एनआरआय कोटा आहेच. डोळ्यांसमोर आजी-आजोबा राहतील.

टवाळ
काकू, मग तिकडे परत जायला यूएसएमएलई (डॉक्टरकीची परवाना परीक्षा), वर रेसिडेन्सीची (हॉस्पिटलातल्या प्रशिक्षणाची) मारामारी. मुलगी जर्सीत वाढलेली दिसतेय, तिला मेसची उसळ कोण खायला घालणार?

पेठेतली_काकू
आमच्या मेसची उसळ खाऊन बघ आधी.

आगाऊ_कार्टं
मैत्रिणीबरोबर रूम घेऊ देऊ नका. दिवाळीपर्यंत अबोला होतो. स्वानुभव.

मृद्गंध
धागा भरकटतोय. राजापूरकर, राज्य कुठलं? मेजर ठरलाय का? आणि मुख्य म्हणजे, ग्रीन कार्ड आहे का?

राजापूरकर
ग्रीन कार्डाचा इथे काय संबंध? न्यू जर्सी. मेजर बायॉलॉजी, प्री-मेडला तोच लागतो ना? लेक एच-४ (आमच्या वर्क व्हिसावर अवलंबून असलेला व्हिसा) वर आहे. आय-१४० (नोकरीवरून केलेला ग्रीन कार्डाचा अर्ज) मंजूर आहे, बाकी सगळ्यांसारखेच रांगेत.

मृद्गंध
अहो, हे पहिल्या ओळीत सांगायला हवं होतं! मेजर कुठलाही चालतो. बायॉलॉजी, केमिस्ट्री, ऑरगॅनिक, फिजिक्स, बायोकेम आणि त्यांच्या लॅब मुख्यतः लागतात.
खरी अडचण व्हिसाची. एच-४ एकविसाव्या वर्षी संपतो, म्हणजे डिग्री होता होताच. मग एफ-१ (विद्यार्थी व्हिसा). ग्रीन कार्ड नसलेल्यांना अनेक मेडिकल स्कूल घेतच नाहीत. जी घेतात त्यांतली काही चारही वर्षांची फी आधीच एस्क्रोत (राखीव खात्यात) ठेवायला सांगतात. सरकारी कर्ज मिळत नाही. कार्ड मिळालं तरी ग्रॅड प्लस (पदवीनंतरच्या शिक्षणाचं सरकारी) कर्ज १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांना बंद, सरकारी कर्जाची मर्यादा वर्षाला ५०,००० डॉलर. म्हणजे आत्ता वाचवलेला प्रत्येक डॉलर पुढे लागणार.
आधी वकिलाला गाठा. सीएसपीए कायद्याखाली (रांगेत असताना वय वाढलेल्या मुलांसाठीचा) तिचं वय किती धरतील ते विचारा. आय-१४० जितके दिवस प्रलंबित होता तितके वजा होतात. आणि रटगर्सला लेखी विचारा, एफ-१ झाल्यावर इन-स्टेट (राज्यातल्या रहिवाशांची कमी) फी राहते का.

स्वानंदी
+१. आमचं कार्ड आधीच झालं होतं, त्यामुळे हे डोक्यातच आलं नाही.

राजापूरकर
बुधवारी वकिलाची वेळ मिळाली. बायकोही आता गप्प आहे. पण मग हॉपकिन्स की रटगर्स?

मृद्गंध
रटगर्स. उरलेले पैसे बाजूला टाका.

राजापूरकर
एपी केमिस्ट्रीत (शाळेतच केलेला कॉलेजच्या पातळीचा विषय) ५ पैकी ५ आहेत. क्रेडिट घेऊन तो विषय टाळला तर चालेल ना?

मृद्गंध
काही मेडिकल स्कूल एपी धरत नाहीत. क्रेडिट घेतलंच तर वरच्या पातळीची केमिस्ट्री लॅबसकट करायची.

जुनाजाणता
मी अजूनही हॉपकिन्सच म्हणतो.